ऊन लागलेली बाजू वर

सरांबद्दल माझ्याकडे दोन याद्या आहेत. एक मी केलेली, अकरा कलमांची, त्यांच्याविरुद्ध. दुसरी त्यांनी केलेली, तेवीस नोंदींची, जाताना माझ्या हातात ठेवलेली. पहिली वाचणाऱ्याला वाटेल, हा माणूस लबाड आहे. मलाही तसंच वाटत होतं, आणि कारण नसताना वाटत नव्हतं.

आमची मस्कतमधली कंपनी बांधकामाआधी जमीन तपासून देते. जमिनीत भोक पाडून आतला दगड लांब कांडीसारखा बाहेर काढायचा, तो लाकडी खोक्यात खणाखणांतून मांडायचा आणि भूवैज्ञानिकाने तो वाचून सांगायचं की पाया किती खोल घ्या. त्या कांडीला आम्ही कोअर म्हणतो. एका खोक्यात पाच खण, एका खणात एक मीटर कोअर. कोअर खोक्यात येते तिथून माझं काम सुरू. मी एकोणीस वर्षं इथलं ऑफिस आणि सॅम्पल स्टोअर सांभाळते. खोका आला की नोंद, हलला की नोंद, कुणी झाकण उघडलं तरी नोंद, आणि प्रत्येक नोंदीखाली माझी सही.

सर आमचे भूवैज्ञानिक. साताऱ्याकडचे, साठी ओलांडलेले, दरवर्षी नव्या करारावर टिकून असलेले. दार्सैतला देवळाच्या मागच्या गल्लीत एका खोलीत एकटे राहायचे. त्यांच्या सगळ्या शर्टांना डाव्या खिशाखाली भोकं होती, कारण त्या खिशात ॲसिडची छोटी बाटली असायची आणि तिचं बूच कधीच नीट बसायचं नाही. चुनखडीवर ॲसिडचा थेंब टाकला की फसफसतो, हे तपासायला ती बाटली. पण ते फक्त डोंगरावर तपासत नसत. आमच्या मॅनेजरने केबिनमध्ये नवीन टेबल आणलं आणि ग्रॅनाइटचं म्हणून सगळ्यांना दाखवलं. सर वाकले, एक थेंब टाकला, आणि टेबल फसफसलं. तो पांढरा डाग अजून आहे. मॅनेजर त्याच्यावर कॅलेंडर ठेवतो.

दगड ते चाटायचे. ओला झाला की त्यातल्या रेघा दिसतात, हे कारण. पाणी असलेली स्प्रे बाटली मी त्यांना दोनदा आणून दिली. दोन्ही वेळा त्यांनी ती माझ्या टेबलावरच्या कोरफडीसाठी ठेवून घ्या म्हणून परत केली.

आणि त्यांचं एक वाक्य होतं. काहीही सांगा, ते विचारायचे, "कोण म्हणतं?"

"सर, चहा गार झालाय."

"कोण म्हणतं?" आणि चहात बोट.

"सर, आज गुरुवार आहे, उद्या सुट्टी."

"कोण म्हणतं?"

"कॅलेंडर म्हणतं, सर."

"कॅलेंडर कुणी छापलं?"

त्यांच्याशी वेळेबद्दल बोलणं तर फारच अवघड. रिपोर्ट कधी देणार विचारलं की म्हणत, "लवकर."

"लवकर म्हणजे?"

"बाई, तुमचं लवकर की दगडाचं?"

रुवीच्या मागे जो करपलेला तपकिरी डोंगर दिसतो, तो समुद्राच्या तळाच्याही खालून वर आलेला आहे, साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचा, हे मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मी म्हटलं, आमच्याकडे चिपळुणालाही डोंगर जुनाच आहे. तर म्हणाले, "सह्याद्री? साडेसहा कोटी. पोरगेला आहे अजून." ज्या माणसाला तीन कोटी वर्षं म्हणजे थोरल्या-धाकट्या भावातलं अंतर वाटतं, त्याच्याकडून गुरुवारपर्यंत रिपोर्ट कसा काढायचा, हा माझा प्रश्न होता. मी त्यासाठी वेगळी वही केली होती.

आता त्या पाण्याच्या टाकीबद्दल.

निझवाच्या रस्त्यावरून आत, एका वादीच्या काठाला छोटं गाव आहे. वादी म्हणजे इथली कोरडी नदी. खाली खजुराची झाडं, दहा-बारा घरं, आणि वरच्या उतारावर पाण्याची मोठी टाकी बांधायची होती. तिथे पाडलेल्या भोकाचा पहिला खोका आमच्याकडे आला तेव्हा नेहमीचा ड्रिलिंग मदतनीस सुट्टीवर गेला होता. खोका भरला होता चाचांनी. चाचा म्हणजे बलुची, पिकलेल्या दाढीचे, इतकी वर्षं यंत्राला पाणी आणि डिझेल पुरवणारे. कोअर मांडायचं काम त्यांच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. खोलीचे आकडे लिहिलेले लाकडी ठोकळे त्यांनी पेन्सिलीने, अरबी आकड्यांत लिहून कसेतरी ठेवले होते. मी ते सरळ केले, त्यांच्या जागी माझ्या नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावल्या, काळ्या मार्करने, ठळक आकड्यांत. पेन्सिल पुसली जाते, पट्टी राहते. हा नियम मीच केलेला होता आणि मॅनेजरने मीटिंगमध्ये त्याचं कौतुक केलं होतं.

मग मी सरांच्या मागे लागले. सकाळी, जेवणाआधी, निघताना. दोन दिवसांत त्यांनी रिपोर्ट दिला. त्यांच्या इतिहासातला सर्वांत जलद. सव्वाचार मीटरवर मऊ मातीचा पातळ थर आहे, पाया साडेचारवर घ्या, म्हणजे तो थर खोदकामातच निघून जाईल. मी वहीत दोनदा टिक केली.

तीन आठवड्यांनी खोक्यातले तुकडे हलायला लागले.

मला ते लगेच कळलं. शेवटच्या दोन खणांतले तुकडे मी मोजलेले होते, चौतीस. एका रविवारी ते बत्तीस होते. मंगळवारी पुन्हा चौतीस, पण कडेच्या दोन तुकड्यांवरची धूळ गेलेली. झाकण उघडल्याची नोंद नाही. मी सरांना सरळ विचारलं, "टाकीच्या खोक्याला कुणी हात लावला का?"

"कोण म्हणतं?" ते म्हणाले, पण या वेळी माझ्याकडे न बघता.

तेव्हापासून मी लिहायला लागले. टाकीचा ठेकेदार खोदकाम कमी व्हावं म्हणून आधीपासूनच कुरकुरत होता. त्याचा माणूस आमच्या गेटवर सरांशी बोलताना दिसला. सर गुरुवारी दुपारी पिकअप घेऊन जायचे आणि लॉगबुकात ठिकाण लिहायचं सोडून नुसतं 'बाहेर' लिहायचे. एकदा ड्रायव्हरने सांगितलं की ते त्या गावाकडेच गेले होते, चाचांना घेऊन. त्याच्या पुढच्या आठवड्यात सरांनी चाचांना एक कागदी पिशवी दिली, आणि चाचांनी इकडे-तिकडे बघून ती कांदुऱ्याच्या, त्यांच्या पायघोळ झग्याच्या, आत घातली. या सगळ्याचा अर्थ कुणीही लावेल तोच मी लावला.

मग तो डबा. सर रोज तीन पुडांचा स्टीलचा डबा आणायचे. त्या दिवशी तो माझ्या टेबलावर विसरले. उचलून बाजूला ठेवायला गेले तर माझं मनगट खाली गेलं. इतका जड डबा मी आयुष्यात उचलला नव्हता. उघडला. वरच्या पुडात भेंडीची भाजी. मधल्या आणि खालच्या पुडात, पोळ्यांच्या फडक्यात गुंडाळलेले, कोअरचे दोन तुकडे.

मी घरी, अल् घुब्राला, जेवणानंतर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हातारा विसरभोळा असेल. तू पोलिसांत कशाला नोकरी केली नाहीस?"

"खोक्याखाली सही माझी आहे," मी म्हटलं. "उद्या टाकी खचली, कुणी म्हणालं सॅम्पल बदललंय, तर ते पहिलं कुणाला विचारतील? माझी नोकरी गेली की माझा व्हिसा गेला. मुलगी बारावीला आहे. तिला मध्येच उचलून चिपळूणला नेऊ?"

मी अकरा कलमांची यादी करून मॅनेजरला ईमेल केला. डब्याचं कलम नववं होतं.

रविवारी सकाळी मॅनेजरने आम्हा दोघांना स्टोअरमध्ये बोलावलं. मॅनेजर केरळचा, सगळ्यांशी हिंदीत बोलतो आणि आवाज कधी चढवत नाही. ईमेलची प्रत सरांच्या हातात देऊन म्हणाला, "सर, ये पढ लीजिए. मॅडम ने लिखा है."

सरांनी अकराही कलमं सावकाश वाचली. मग चष्मा काढला. "बाई, सहावं चुकलंय. मी पिशवीत खजूर दिले नव्हते की पैसे दिले नव्हते. चाचांच्या गुडघ्याला लावायचं तेल होतं. त्यांना बायकी वास येतो म्हणून लाज वाटते. बाकी सगळं बरोबर आहे."

"बरोबर आहे?" मी म्हटलं.

"तुकडे मी नेले. डब्यातून नेले. तुम्ही नोंद मागितली असती आणि मला अजून खात्री नव्हती."

मग त्यांनी टाकीचा खोका ओढून उजेडात आणला आणि फरशीवर मांडी घातली. मला म्हणाले, "बसा. हे वाचन डोळ्यांचं नाही, बोटांचं आहे." चौथ्या खणाच्या उजव्या टोकाचा तुकडा त्यांनी माझ्या एका हातात दिला, पाचव्या खणाच्या डाव्या टोकाचा दुसऱ्या. "कांडी जमिनीत एकच होती. इथे मोडली असेल तर ही दोन टोकं जुळायला हवीत. जुळवा."

मी फिरवून फिरवून बघितलं. जुळत नव्हती. दोन दगड नुसते एकमेकांवर घासत होते.

"आता ही घ्या." चौथ्या खणाचं डावं टोक. पाचव्याचं उजवं. हेच ते डब्यातले दोन तुकडे. ते मी जवळ आणले आणि अर्ध्या फेऱ्यात ते असे बसले की माझ्या बोटांना मधली फट लागेना. एक पांढरी रेघ या तुकड्यातून निघून त्या तुकड्यात सरळ गेली होती.

"खोका उजवीकडून डावीकडे भरलाय," सर म्हणाले. "मी चाचांना साइटवर नेऊन पुन्हा भरायला सांगितलं, रिकामा खोका, नुसत्या काठ्या घेऊन. त्यांनी उजवीकडूनच सुरुवात केली. आयुष्यभर उजवीकडून वाचत आलेत, दुसरं काय करतील? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आपण डावीकडून वाचला."

"मतलब?" मॅनेजर म्हणाला.

"मतलब वो मिट्टी सव्वाचार पे नहीं है. पावणेपाच पे है." सर मराठीत आकडे आणि हिंदीत क्रियापदं वापरायचे. "फाउंडेशन के ठीक नीचे. टंकी भरेगी, तो सरकेगी. नीचे घर है."

मॅनेजरने खोक्याकडे बघितलं, मग माझ्या पट्ट्यांकडे. मी पण माझ्या पट्ट्यांकडेच बघत होते. चाचांचे ठोकळे मला आठवले. ते अस्ताव्यस्त नव्हते. प्रत्येक खणात ते बरोबर ठेवलेले होते, फक्त मोठा आकडा डावीकडे होता आणि लहान उजवीकडे. मी त्यांना उलटं ठेवलंय असं समजून सरळ केलं होतं. आणि ठोकळे कचऱ्यात टाकले होते.

"ये पट्टी किसने लगाया?" मॅनेजरने विचारलं.

बोलायला मला पुरेसा वेळ होता. तोंड उघडलंही असेल. सर म्हणाले, "मेरे कहने से लगा. और रिपोर्ट भी मेरा. मैंने पट्टी पढी, पत्थर नहीं पढा. गलती मेरी."

रिपोर्टचं खरं होतं. पट्टीचं धादांत खोटं होतं. मॅनेजरने चुकांच्या रजिस्टरमध्ये सरांचं नाव लिहिलं, सरांनी समोर सही केली, आणि नवा रिपोर्ट त्याच दुपारी गेला. पाया पाऊण मीटर आणखी खाली न्यायचं ठरलं.

चहाच्या वेळी सर माझ्या टेबलापाशी आले. "मुलगी बारावीला ना तुमची?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कुठला विषय?"

"अजून ठरलं नाही."

त्यांनी मान हलवली आणि गेले. मी मात्र त्या दिवसापासून वाट बघायला लागले. हा माणूस फुकट खोटं बोलणार नाही, याला माझ्याकडून काहीतरी हवंय, ही माझी खात्री. आता झाकणाच्या नोंदी मागू नका म्हणेल. पिकअपचं लॉगबुक सोडून द्या म्हणेल. मुलीचं विचारलं ते उगाच नाही. त्यांनी दुसऱ्याच दिवशी नोंद न करता खोका उघडला तेव्हा मला जवळजवळ बरं वाटलं. मी कडक आवाजात नोंद मागितली. त्यांनी निमूट लिहून दिली. असे अडीच महिने गेले आणि त्यांनी मागितलं काहीच नाही.

मग करार संपला आणि कंपनीने तो पुढे नेला नाही. कारण लेखी दिलं: रजिस्टरमधली नोंद. मॅनेजरने मला सरांच्या हिशेबाचे आणि तिकिटाचे कागद तयार करायला सांगितले. मी ते बिनचूक केले. ते करताना एकदाही त्याच्या केबिनमध्ये जाऊन बोलले नाही.

जायच्या आदल्या दिवशी सर स्टोअरमध्ये आले, हातात एक पत्र्याची पेटी आणि शाळेची दोनशे पानी वही. "बाई, हे दगड इथले आहेत. देशाबाहेर न्यायला परवानगी लागते, आणि परवानगी मिळाली तरी नेणार नाही. वापरून झाले. जिथून उचलले तिथे ठेवायचे आहेत. तुमच्याशिवाय दुसरं कुणी हे नीट करेल असं वाटत नाही."

मला वाटलं, हं, हेच ते. हेच मागायचं होतं. आणि इतकं थोडं मागायला एवढं मोठं खोटं कशाला, हा संशय नव्याने सुरू झाला.

वहीत यादी होती. माझ्या सगळ्या याद्यांहून चांगली. 'एक. निझवा रस्ता, तिसऱ्या पुलाखाली, एकट्या समरच्या झाडापासून उत्तरेला चाळीस पावलं. ऊन लागलेली बाजू वर.' 'दोन. सोहारच्या आत, वादीत उशांसारख्या लाव्हाचा डोंगर आहे, त्याच्या पायथ्याशी. ऊन लागलेली बाजू वर.' वाळवंटात पडून पडून दगडाची आकाशाकडची बाजू काळी चकचकीत होते, ती हजारो वर्षांत होते, म्हणून दगड उलटा ठेवायचा नाही, अशी पहिल्या पानावर सूचना. प्रत्येक नोंदीपुढे टिकेसाठी चौकोन आखलेला. मी बावीस दगड मोजले. पेटीत बावीसच होते. यादीत नोंदी तेवीस.

तेविसावी नोंद अशी होती: 'पट्टी, ॲल्युमिनियमची, एक. अक्षर सुंदर. कुठे ठेवायची ते बाईंनी ठरवावं.'

पट्टी पेटीच्या तळाशी, फडक्यात गुंडाळलेली होती. ४.० ते ५.०. माझं अक्षर.

नवरा म्हणाला, फेकून दे. त्याने ते चांगल्या मनानेच म्हटलं. मी फेकली नाही, पण काही केलंही नाही. आधी दगड, असं ठरवलं. शुक्रवारी सकाळी लवकर निघायचं, दोन-तीन दगड ठेवायचे, दुपारपर्यंत परत. नवरा गाडीत बसून पेपर वाचायचा, मी पावलं मोजायचे. टाकीच्या उतारावरचाही एक दगड होता. टाकी उभी राहिली होती, भरलेली. खाली घरांसमोर बायका चटयांवर खजूर वाळत घालत होत्या. शुक्रवार असूनही चाचा शेजारच्या नव्या भोकावर कामाला होते. त्यांनी माझ्या हातातला दगड बघितला, सर कुठे विचारलं. मी म्हटलं, गेले. "खलास?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ते म्हणाले की खोका आता ते डावीकडून भरतात, आणि सरांनी खोक्याच्या कडेवर त्यांच्यासाठी रंगाने बाण काढून दिला होता. बाण काढल्याची नोंद माझ्याकडे नव्हती.

त्या रात्री मी मॅनेजरला दुसरा ईमेल लिहिला, एका कलमाचा. सकाळी रजिस्टर काढून सरांच्या नावाखाली लिहिलं: पट्ट्या मी लावल्या, कुणी सांगितलं नव्हतं, मूळ ठोकळे मी टाकले. तारीख, सही. पट्टी त्याच पानाला चिकटटेपने लावली. मॅनेजरने वाचलं. बराच वेळ कॅलेंडर थोडं इकडे, थोडं तिकडे सरकवलं. मला लेखी ताकीद मिळाली आणि त्या वर्षीची पगारवाढ नाही. नोकरी राहिली. सरांना परत बोलवावं असं मी म्हटलं, त्यावर तो म्हणाला, "मॅडम, अब नया आदमी आ गया." नवा माणूस दगड चाटत नाही. रिपोर्ट गुरुवारी देतो. मी त्याचे सगळे खोके स्वतः टोकं जुळवून बघते.

बावीस दगड संपले त्या दिवशी मी सरांना फोन केला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मी म्हटलं, "सर, यादी पूर्ण झाली. तेविसावी नोंदसुद्धा. रजिस्टरमध्ये लावली. ती चूक माझी होती."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते, सर."

शिट्टी आणखी एकदा झाली. मग त्यांनी विचारलं, "सात नंबर पालथा ठेवलात ना?"

मी वही उघडली. सात. शिंपल्यांचा दगड. ऊन लागलेली बाजू इथे लागू नाही. शिंपले खाली, नाहीतर लोक उचलून नेतात. मी टिक केली होती, आणि मला स्पष्ट आठवत होतं, शिंपले छान दिसत होते म्हणून मी ते वर ठेवले होते.

पुढच्या शुक्रवारी आम्ही पुन्हा गेलो. एकशेसाठ किलोमीटर. दगड अजून तिथे होता.